साठ फुटांना दोन इंच

"अण्णांनी आमच्या शाळेच्या हॉलची फरशी वाकडी का घातली?"

टिटवीने हे विचारलं तेव्हा घरामागच्या शेडमध्ये चार मोठी माणसं होती आणि चौघांचे हात कशात ना कशात गुंतलेले होते. आत्या सुतळीचा गुंता सोडवत होती, काका खोक्यातल्या थाप्या एकेक करून पालथ्या घालत होता, आई चहाचे कप गोळा करत होती, आणि बाबा फडक्याने अण्णांचा पितळी ओळंबा पुसत होते, जो त्यांनी मघापासून चार वेळा तरी पुसला होता. प्रश्न आला आणि आठही हात थांबले.

खरं म्हणजे हा प्रश्न टिटवीचा नव्हताच. शुक्रवारच्या मधल्या सुट्टीत तिच्या तीन मैत्रिणींनी तो तिच्या गळ्यात मारला होता. शाळेच्या हॉलमध्ये स्टेजपाशी गोटी ठेवली की ती कुणी न ढकलता आपली आपण निघते, आधी लाजत लाजत, मग धिटाईने, आणि सरळ तिसऱ्या दाराच्या उंबऱ्यावर जाऊन टक्क करते. किती वर्षं मुलं तिथे गोट्या, पेनं आणि खोडरबरं सोडून शर्यती लावत आली होती. एकदा तर मोठ्या बाईंचं पेपरवेटही पळालं होतं. आता येत्या सुट्टीत ती फरशी उखडणार अशी नोटीस लागली होती. तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, फरशी तुझ्याच आजोबांनी घातली ना, मग घरी विचारून ये की वाकडी का घातली. एकट्या आईला नाही, सगळे जमतील तेव्हा, सगळ्यांसमोर. हिंमत असेल तर.

हिंमत असेल तर, असं टिटवीला म्हणणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणं. घराबाहेर ती गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा पुटपुटायची. यंदा वक्तृत्वात पहिली आली आणि तिला जो कंठ फुटला तो फुटलाच. घरात मात्र ती जन्मापासून टिटवीच होती. हे नाव अण्णांनीच ठेवलेलं, कारण पाळण्यातून तिने सूर लावला की गल्लीतली कुत्री उठून बसायची.

"ती वाकडी नाही," आत्या म्हणाली. "तो उतार आहे. आणि आजोबांबद्दल बोलताना जीभ जरा आवरती घ्यावी."

आत्याने पस्तीस वर्षं हॉस्पिटलच्या वॉर्डात काढली होती. ती सगळ्या जगाशी, गोळी न घेणाऱ्या पेशंटशी बोलावं तशी बोलायची. तिच्यापुढे काका, म्हणजे दोन ट्रक आणि चाळीस माणसांचा मालक असलेला बिल्डर, अजूनही शर्टाचं वरचं बटण लावून बसायचा.

अण्णांना जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर शेडला कुलूप होतं आणि किल्ली बाबांच्या औषधांच्या दुकानात, गल्ल्याशेजारच्या खिळ्यावर लटकत होती. ती शेवटी खाली उतरली ती शाळेच्या पत्रामुळे. शाळेने काकाला लिहिलं होतं की हॉलची फरशी काढून, पातळी नीट करून, नवी घालून द्या. काकाने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. अण्णांनी घातलेली फरशी त्यांच्याच पोराने फोडायची, तर दादा आणि ताई दोघांनी तोंडाने हो म्हटल्याशिवाय मी पहारीला हात लावणार नाही, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. म्हणून आज रविवारी तिघं भावंडं इथे जमली होती. अवजारं वाटायची, आणि फरशीचं काय ते ठरवायचं.

अवजारं तासाभरात वाटून झाली, कारण कुणालाच काही घ्यायचं नव्हतं आणि सगळ्यांना सगळं ठेवायचं होतं. फरशीचं घोडं मात्र अडलं होतं. आत्या नको म्हणत होती, काका तिच्याकडे बघत नव्हता, आणि बाबा ओळंबा पुसत होते.

आत्याने आता टिटवीला समोर बसवून ती गोष्ट पुन्हा एकदा सांगितली. ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की शेजारच्यांनाही पाठ होती. हॉल बांधून झाला, पहिल्यांदा फरशी धुतली, आणि पाणी सगळंच्या सगळं एका बाजूला निघालं. तेव्हाचे हेडमास्तर म्हणजे जमदग्नीचा अवतार. ते कपाळाला आठी घालून बघत राहिले. अण्णा डोक्यावरचा रुमालही न काढता म्हणाले, "उतार ठेवलाय, साहेब. दोनशे पोरं चिखलाचे पाय घेऊन येणार, पाणी तुंबून कसं चालेल?" हेडमास्तर खूश. पुढे त्यांनी आपल्या घराचं कामही अण्णांनाच दिलं. याला म्हणतात कारागीर, असं म्हणून आत्याने नेहमीसारखी मांडीवर थाप मारली.

"मी गेल्या आठवड्यात मापलं," काका थाप्यांकडे बघत म्हणाला. "साठ फुटांना दोन इंच."

"तू मशीन घेऊन बापाचं काम मापायला गेलास?"

"शाळेने बोलावलं म्हणून गेलो, ताई."

"आणि?"

"आणि काही नाही. साठ फुटांना दोन इंच."

टिटवीला खरं तर इथेच थांबता आलं असतं. पैज प्रश्न विचारायची होती, तो विचारून झाला होता. पण गोष्ट ऐकता ऐकता तिच्या डोक्यात एक कुसळ टोचायला लागलं होतं, आणि टोचणारी गोष्ट मनात ठेवणं हे तिच्या कुंडलीतच नव्हतं.

"पण आत्या, पाणी जातं कुठे?"

"बाहेर जातं. कुठे जाणार?"

"तिसऱ्या दाराशी मोरी नाहीये. साधं भोकही नाही, पलीकडे लायब्ररी आहे. मोरी आहे स्टेजच्या बाजूला, वरच्या अंगाला. शिपाईमामा दर शनिवारी वायपरने पाणी उलटं वर ढकलत नेतात आणि शिव्या देतात."

"कुणाला?" काकाने विचारलं.

"ते नाही माहीत. मी दिसले की गप्प होतात."

काकाला हसू फुटलं. ते त्याने खोकल्यात लपवलं, पण नीट लपलं नाही. आत्याच्या हातातली सुतळी मांडीवर पडली. वादविवादात समोरच्याचा मुद्दा खोडून काढला की टिटवीच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. आज झाल्या नाहीत. वॉर्डातल्या डॉक्टरांनाही न घाबरणारी आत्या एकदम कुणीतरी पाट काढून घेतल्यासारखी दिसायला लागली होती.

"पोर बरोबर बोलतेय, ताई," काका म्हणाला. टिटवीने कोंडी फोडली म्हटल्यावर त्याला बळ आलं होतं. "मोरीला पाठ करून उतार कुणी काढत नाही. मला ते पहिल्या दिवशी कळलं होतं. बोलायचं कसं म्हणून गप्प होतो."

"म्हणजे अण्णांचा हात चुकला, असं म्हणायचंय तुला."

"माणूस होते. एखाद्या वेळी..."

"अण्णांचा?"

आता आई मैदानात उतरली, आणि ती आत्याच्या बाजूने उतरली, हे जरा नवलच होतं. एरवी या दोघींचं चहात साखर किती यावरही जमत नसे. आई म्हणाली की या घरात येऊन तिला सतरा वर्षं झाली, त्यात तिने अण्णांना एकदाही भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं चालवून घेताना पाहिलं नाही. जेवणाच्या टेबलाचा पाय कणभर डुगडुगला तर ते कागदाची घडी सारत, मग ती घडी जास्त झाली म्हणून अर्धी उलगडत, आणि तोवर सगळ्यांचं जेवण गार. तो माणूस दोन इंच चुकेल? भावजी, तुमचं मशीन तपासून घ्या.

काका म्हणाला, वहिनी, मशीन नवं आहे. आत्या म्हणाली, नव्याचंच काही खरं नसतं. अशी दोन विरुद्ध दोन बरोबरी झाली, आणि सगळ्यांच्या माना पाचव्या माणसाकडे वळल्या. बाबांनी ओळंबा पुसायचा थांबवला. त्यांनी तो त्याच्या दोरीसकट नीट गुंडाळला, फळीवर ठेवला, आणि पालथ्या घातलेल्या बादलीवर बसले.

"अण्णांचा हात चुकला नाही," ते म्हणाले. "मी चुकलो."

बाबा फार बोलणाऱ्यांतले नव्हते. दुकानात डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय ते साधी डोकेदुखीची गोळी देत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी तिसऱ्यांदा खोक्यावरचं नाव वाचत, आणि मगच पिशवीत टाकत. लोक त्यांना मागून 'वाचक' म्हणायचे, टिटवीला ते माहीत होतं. आज ते बोलायला लागले तेही तसंच, एकेक वाक्य तपासून, आणि टिटवीला पहिल्यांदाच वाटलं की आपण मध्ये एक शब्दही बोलू नये.

ते दहा वर्षांचे होते. सुट्टी होती, आणि अण्णा त्यांना कामावर न्यायचे ते लेव्हलची नळी धरायला. पारदर्शक लांब नळी, आत पाणी. एक टोक अण्णांच्या हातात, दुसरं पोराच्या. पाणी दोन्हीकडे एका उंचीला येऊन उभं राहतं, तिथे भिंतीवर खूण करायची, आणि त्या दोन खुणांना दोरी बांधून फरशी धरायची. कामाचं सगळं शहाणपण एवढंच, की पाणी थांबेपर्यंत थांबायचं. कारण ते लगेच थांबत नाही. वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसं.

"हॉलच्या मधोमध विटांची रास होती," बाबा म्हणाले. "अण्णा स्टेजच्या बाजूला, मी तिसऱ्या दारापाशी. ते मला दिसत नव्हते, मी त्यांना दिसत नव्हतो. फक्त आवाज. आणि बाहेर मैदानात पोरांनी चेंडूचा डाव मांडला होता. माझा नंबर येत आला होता. अण्णांनी विचारलं, आलं का रे? पाणी हलत होतं. मी म्हटलं, आलं. खूण केली आणि पळालो."

आईने हातातला ट्रे हळूच खाली ठेवला.

पुढचं बाबांनी भराभर सांगून टाकलं. फरशी झाली, वाळली, धुतली. पाणी धावलं ते थेट त्यांच्या दाराकडे. हेडमास्तर आले तेव्हा ते अण्णांच्या शेजारीच उभे होते, आणि अण्णांनी ते उताराचं उत्तर दिलं ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. घरी आल्यावर ते पांघरुणात शिरले. बाहेर आजीने काहीतरी विचारलं, आणि अण्णा म्हणाले, हात चुकला माझा. तेवढंच. पुढच्या रविवारी कामावर निघताना अण्णांनी दारातून हाक मारली, तेव्हा बाबा म्हणाले की अभ्यास आहे. अण्णा 'बरं' म्हणाले. त्यानंतर बाबांनी कुठल्याही बांधकामावर पाऊल ठेवलं नाही. अण्णांच्याही नाही, काकाच्याही नाही.

आत्या म्हणाली, "अरे, पण दहा वर्षांचं पोर. कोण काय म्हणणार होतं?"

"कुणीच काही म्हटलं नाही, ताई, तेच तर." बाबा स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. "रागावले असते, एक ठेवून दिली असती, तर फिटलं असतं. पण त्यांना वाटलं त्यांचाच हात चुकला. इतका नेमका माणूस, आणि जन्मभर स्वतःच्या हातावर संशय घेऊन राहिला असेल. माझ्या एका चेंडूपायी. शेवटचे अकरा दिवस रोज संध्याकाळी दुकान बंद करून हॉस्पिटलमध्ये जायचो ते आज सांगायचं असं ठरवून. आणि जाऊन काय विचारायचो, तर सूप घेतलंत का." ते जरा थांबले. "ती फरशी काढून टाक. ताई, तुझ्या पाया पडतो, हो म्हण. मला ती आता डोळ्यासमोर नको."

टिटवीला आपण केवढं मोठं झाकण उघडून बसलो हे आता कळलं. तिला वाटलं होतं मोठी माणसं जरा चिडतील, जरा हसतील, आणि सोमवारी मधल्या सुट्टीत सांगायला एक झकास किस्सा मिळेल. त्यात पाचवीतला एक दिवसही नेमका आताच आठवायचा होता. शाळेच्या फाटकाशी अण्णा तिची पाण्याची बाटली धरून उभे होते, मागून कुणीतरी 'तिरके मिस्त्री, तिरके मिस्त्री' म्हटलं, आणि सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं असेल तर ती. अण्णांनी ऐकलं की नाही ते तिला कधी कळलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. बाबांचं दुखणं काय आहे ते तिला आतून, चांगलंच कळलं.

काही सुचेना तेव्हा ती वाट्टेल ते बोलते, हा तिचा जुना रोग. आताही तसंच झालं. ती काकाला म्हणाली, "पण मग तुझी माणसं कशी चुकत नाहीत? तू तर त्यांना भंडावून सोडतोस."

"म्हणजे?" आत्याने विचारलं.

टिटवी सुट्टीत दोनदा काकाच्या साइटवर गेली होती, आणि काकाची नक्कल ही तिची खासियत होती. ती उठून उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, पोट पुढे काढलं. "आलं का? नक्की आलं? नाही, परत बघ आणि मग सांग." तिने काकासारखीच हनुवटी वर केली. "दर वेळी तीनदा. आता तर लेझरचं मशीन आलंय, भिंतीवर लाल रेघ सरळ दिसते, तरी हा तीनदा विचारतो. लोक म्हणतात, साहेब मशीनवर पण विश्वास ठेवत नाहीत."

"हसू देत," काका म्हणाला. "ती रीत आहे. अण्णांची रीत. नळी धरली की तीनदा विचारायचं. मला सात वर्षांचा असल्यापासून तसंच शिकवलंय."

बाबांनी मान वर केली. "तीनदा?"

"तीनदा. ताईला विचार."

"मला काय विचारतोस? मला एकदाच विचारायचे," आत्या म्हणाली. "तुम्ही दोघं लहान होतात तेव्हा नळी मीच धरायची, बारा वर्षांची होईपर्यंत. आलं का गं? आलं. की झालं."

"मलाही एकदाच," बाबा म्हणाले.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्या सगळ्यांत थोरली, मग बाबा, आणि बाबांच्या पाठीवर आठ वर्षांनी काका. एकीला एकदा, दुसऱ्याला एकदा, तिसऱ्याला तीनदा. प्रत्येकाला वाटत होतं की अण्णांची रीत म्हणजे आपल्याला माहीत आहे तीच. ही तिघं एका खोलीत बसून नळीबद्दल आयुष्यात कधी बोललीच नव्हती. बोलतील कशी, एक जण तर नळीचं नाव निघालं की उठून जायचा.

"थांब, थांब," काका म्हणाला, आणि तो खरंच थांबला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "मी एकदा विचारलं होतं त्यांना. कंटाळलो होतो, हात दुखत होता. म्हटलं, अण्णा, आलं म्हणून सांगितलं ना, मग पुन्हा पुन्हा काय विचारता? तर ते म्हणाले..."

"काय म्हणाले?" बाबा.

"म्हणाले, पाण्याला घाई नसते, पोरांना असते. पोराला खेळायला जायचं असतं, ते लगेच आलं म्हणून मोकळं होतं. त्यात त्याचा दोष नाही. एकदाच विचारून पुढे जाणारा चुकतो." काकाने कपाळ पुसलं. "मला वाटलं, असंच आपलं शहाणपणाचं बोलतायत. मोठी माणसं बोलतात तसं. दादा, हे तुझ्याबद्दल होतं."

आत्या पटकन म्हणाली, "म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून. स्वतःच्या हातावर संशय असता तर स्वतःचं टोक दोनदा बघितलं असतं. त्यांनी विचारणं वाढवलं."

"आणि आजीला म्हणाले, हात चुकला," आई हळू आवाजात म्हणाली. "पांघरुणातलं पोर जागं आहे, हे बापाला कळत नाही होय?"

बाबांचा चेहरा चिठ्ठी वाचतानासारखा झाला होता, भुवया जवळ, ओठ जरा हलणारे. मग ते काकाला म्हणाले, "परत सांग."

"काय?"

"ते म्हणाले ते. जसंच्या तसं."

काकाने सांगितलं. पाण्याला घाई नसते, पोरांना असते. बाबांनी ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाले, "नक्की असंच म्हणाले? त्यात त्याचा दोष नाही, असं?"

"नक्की. आईशप्पथ."

"पुन्हा एकदा सांग."

काकाने तिसऱ्यांदा सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यावरच तो पाठ फिरवून थाप्यांकडे वळला. बाबा बादलीवर बसल्या बसल्या पुढे वाकले आणि रडायला लागले. अण्णा गेले त्या दिवशी, त्यानंतरच्या वर्षभरात, कुणीही त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. लोक म्हणायचे, फार धीराचा माणूस. आता ते अगदी दहा वर्षांच्या मुलासारखे, नाक पुसायचंही भान न ठेवता रडत होते, आणि मध्येच हसतही होते. आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणत होती, "हं, झालं, झालं, येऊ दे, सगळं येऊ दे." काका उभा राहून थाप्यांच्या खोक्याशी खोटी खुडबुड करत होता.

नंतर बराच वेळ सगळे बोलत राहिले, आणि आता बोलणं फरशीचं राहिलंच नव्हतं. बाबांना कुठून कुठून आठवायला लागलं. अण्णा सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे तेव्हा दांडीला टॉवेल गुंडाळायचे ते. सिमेंटने भेगाळलेल्या हातांनी पोराच्या शर्टाची बटणं लावताना त्यांना पाच मिनिटं लागायची, आणि तरी ते आजीला लावू द्यायचे नाहीत ते. बाबा पहिल्यांदा औषधांच्या दुकानात नोकरीला लागले तेव्हा अण्णा समोरच्या फुटपाथवर तासभर उभे राहिले होते, आत न येता, आणि घरी येऊन म्हणाले होते, काउंटर सरळ आहे हो तुमचा. वर्षभर बाबा अण्णांबद्दल एक वाक्य बोलले नव्हते. टिटवीला वाटलं होतं, त्यांना आठवत नाही. त्यांना सगळं आठवत होतं, फक्त प्रत्येक आठवणीच्या दारात ते दोन इंच आडवे पडलेले होते.

फरशीच्या बाबतीत मात्र उलटाच प्रकार झाला. आत्या, जी सकाळपासून नको नको म्हणत होती, ती म्हणाली की काढा आता, अण्णांनी पोरासाठी मारलेली थाप होती ती, तिचं काम झालं. आणि काका, जो पत्र खिशात घालून आला होता, तो म्हणाला की आता त्याच्याच्याने पहार उचलवणार नाही. दादाने आयुष्यात केलेलं एकच बांधकाम आहे ते. यावर बाबासुद्धा हसले. शेवटी बाबांनीच निकाल दिला, की शिपाईमामांनी इतकी वर्षं पाणी चढावर ढकललं ते पुरे झालं. फरशी काढायची, आणि नवी दोरीत, सपाट घालायची. काकाने मान डोलावली. तरी जाता जाता त्याने फाटकातून वळून विचारलं, दादा, नक्की ना?

ऊन उतरल्यावर तो आत्याला गाडीने सोडायला गेला. आई ओट्यापाशी कप विसळत होती, बाबा पुसत होते, आणि टिटवी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती चक्क दहा मिनिटं गप्प होती, आणि हे आईच्या लक्षात आल्याशिवाय राहणार नव्हतं.

"पोटात दुखतंय का?"

"नाही."

"मग सुट्टीतल्या सहलीची यादी काढ. बूट घ्यायचे होते ना तुला?"

"मी सहलीला जाणार नाहीये," टिटवी म्हणाली.

आईने नळ बंद केला. गेला महिनाभर या घरात सहलीशिवाय दुसरा विषय नव्हता. चौघी मैत्रिणी, समुद्र, तंबू, आणि कुणी कुणाशेजारी झोपायचं याचा तीनदा बदललेला नकाशा.

"मी काकाच्या साइटवर जाणार. म्हणजे शाळेतच, आमच्या हॉलमध्ये. फरशी निघेल त्या दिवसापासून नवी बसेल त्या दिवसापर्यंत, रोज. काकाला मी अजून विचारलेलं नाही, पण तो मला नाही म्हणत नाही."

आई म्हणाली, धूळ, ऊन, पुढच्या वर्षीची मोठी परीक्षा, आणि मुलगी वाळून कोळ होईल ते वेगळंच. मग बाबांकडे बघून म्हणाली की अहो, तुम्ही तरी काही बोला. बाबांनी कप पुसून उजेडात धरला आणि टिटवीला विचारलं की तू तिथे करणार काय. काकाकडे आता मशीन आहे, दुसऱ्या टोकाला माणूस लागत नाही.

"माहितीये. तरी मी उभी राहणार. त्या टोकाला आपल्या घरातलं कुणीतरी उभं राहायला हवं." तिने एक श्वास घेतला. स्टेजवर घ्यायची तसा. "आणि मी परवानगी मागत नाहीये, सांगतेय. अजून एक सांगते. तुझं दुकान एक ते चार बंद असतं, बाबा, तू जेवायला घरी येतोस. शाळा तिथून पाच मिनिटांवर आहे. मी रोज डबा घरी विसरणार आहे."